पाडव्याआधीची वही

१ जानेवारीचे माझे संकल्प संक्रांतीचे तिळगूळ संपेपर्यंतही टिकत नाहीत. पहाटे उठणं, चालणं, मोबाइल कमी करणं, सगळं तिथंच विरतं. रात्री अंथरुणावर पडलं की डोक्यात कालवाकालव सुरूच.

२०२५ मध्ये पाडवा ३० मार्चला, रविवारी होता. आदल्या आठवड्यात घरात माळा झाडणं चाललं होतं. बायको म्हणाली, "डोक्यातलंही जरा खाली काढा की!" ती चिडून म्हणाली होती, पण मी खरंच जुनी वही घेतली आणि जे जे टोचतंय ते लिहीत सुटलो. सदतीस गोष्टी निघाल्या. गळका नळ, मित्राचे उसने दोन हजार, मावशीला न केलेला फोन, गिटार शिकायचं राहिलेलं.

गंमत म्हणजे निम्म्या गोष्टी पाच-दहा मिनिटांच्या होत्या. त्या शनिवारपर्यंत उरकल्या. गिटारवर सरळ काट मारली, आणि काय हलकं वाटलं म्हणून सांगू! मावशीचा फोन मात्र जड गेला. दोन वर्षांचा अबोला होता, चूक माझी होती. ती आधी गप्प राहिली, मग म्हणाली, "जेवलास का रे?"

पाडव्याला गुढी उभारली, कडुनिंबाची पानं, गूळ, जिरं, हिंग घालून वाटलेली गोळी तोंड वाकडं करत खाल्ली. संकल्प एकही केला नाही. वही उशाशी असते. रात्री काही टोचलं की लिहितो आणि झोपतो. नळ अजून थोडा गळतोय.