सायलोसायबिन थेरपी घ्यायचीय? आधी मावशीला फोन करा

मी मूळची मिरजेची. सायकियाट्रीत नर्स म्हणूनच आयुष्य गेलं. आता मेलबर्नमध्ये ज्या टीममध्ये आहे, तिथे नैराश्याच्या पेशंटला सायलोसायबिन (काही मशरूममध्ये असलेलं, भास घडवणारं द्रव्य) दिलं जातं आणि त्याच्या आधी-नंतर बरंच बोलणं होतं. गणपतीच्या जेवणात किंवा मराठी शाळेच्या पार्किंगमध्ये कुणीतरी हळूच बाजूला घेतं, "ताई, ते मशरूमचं खरंच असतं का हो?" त्यांना जे सांगते, तेच इथे लिहितेय.

असतं. १ जुलै २०२३ पासून ऑस्ट्रेलियात परवानगी मिळालेला सायकियाट्रिस्ट दोनच कारणांसाठी ही औषधं देऊ शकतो. औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी सायलोसायबिन आणि पीटीएसडीसाठी (मोठ्या आघातानंतर राहणारा मानसिक त्रास) एमडीएमए (एक्स्टसी नावाने ओळखलं जाणारं द्रव्य). दाद न देणारं म्हणजे किमान दोन अँटीडिप्रेसंट पुरेशा डोसमध्ये, पुरेसे आठवडे घेऊनही फरक पडला नाही असं. चार दिवस गोळी घेऊन "सूट झाली नाही" म्हणून सोडली असेल, तर ती यात धरत नाहीत. नोकरीचा कंटाळा आलाय, स्वतःचा शोध घ्यायचाय, यासाठी तर हे अजिबात नाही.

सुरुवात जीपीपासून, म्हणजे फॅमिली डॉक्टरपासून, करा. तिथून सायकियाट्रिस्टचं पत्र घ्या. जाताना जुन्या औषधांची यादी करून न्या: नाव, डोस, किती आठवडे घेतली, का बंद केली. भारतात घेतलेल्या गोळ्यांची ब्रँडनावं इथल्या डॉक्टरांना कळत नाहीत. स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरात मूळ औषधाचं नाव असतं, त्याचा फोटो घरून मागवा. क्लिनिक गाठलंत की ऑथोराइज्ड प्रिस्क्रायबर, म्हणजे हे औषध लिहून द्यायची परवानगी असलेले सायकियाट्रिस्ट, कोण आहेत ते थेट विचारा आणि त्यांचं नाव आप्राच्या (AHPRA, डॉक्टरांची नोंदणी ठेवणारी इथली संस्था) वेबसाइटवर तपासा. पैशांचंही पहिल्याच भेटीत बोला. हे औषध पीबीएसमध्ये (सरकारी सवलतीच्या औषधांची यादी) नाही, त्यामुळे पूर्ण कोर्सचं बिल सहज वीस हजार डॉलरच्या वर जातं. त्यात नंतरची किती सेशन्स धरली आहेत, हे लेखी घ्या. मी इथेच नोकरी करते, तरी सांगते: घर गहाण ठेवून कुणी यात पडू नये.

कारण हमी कुणीच देऊ शकत नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत २३३ पेशंट होते. २५ मिलिग्रॅमचा एक डोस मिळालेल्यांपैकी ३७ टक्के लोकांचं नैराश्य तीन आठवड्यांनी निम्म्याने किंवा त्याहून जास्त उतरलं होतं. नावापुरता १ मिलिग्रॅम मिळालेल्यांत हेच प्रमाण १८ टक्के होतं. बारा आठवड्यांपर्यंत फरक टिकला तो २५ मिलिग्रॅमवाल्यांतल्या २० टक्के लोकांत. ज्यांचं काहीच चालत नव्हतं त्यांच्यासाठी हे कमी नाही, पण "एका गोळीत बरा" असं यूट्यूबवर जे चाललंय त्यापासून फार लांब आहे.

आता मावशीकडे येते. फॉर्मवर एक प्रश्न असतो: घराण्यात कुणाला स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर होता का? आपली माणसं पेन न थांबवता "नाही" लिहितात. खोटं नसतं ते, त्यांना खरंच ठाऊक नसतं. आपल्या घरांत या आजारांना नावंच दिलेली नसतात. "दादामामा जरा वेगळे होते." "आत्याच्या अंगात यायचं, मग तिला बाहेर कुठे नेलं नाही." "काका शिकायला पुण्याला गेले आणि परत आले ते गप्पच झाले." असं सगळंच आजारपण होतं असं मी म्हणत नाही. अंगात येणं ही वेगळी गोष्टही असू शकते. पण ते ठरवणं सायकियाट्रिस्टचं काम आहे, तुम्ही घरूनच गाळून आणू नका. जवळच्या नातेवाइकांत सायकोसिस (भास-भ्रम होऊन वास्तवाचं भान सुटणं) असेल, तर हे औषध झाकलेलं काहीतरी उघडं पाडू शकतं, आणि मग ते मिटवणं अवघड होतं. म्हणून मी सगळ्यांना फोन करायला लावते. आईला नको. आई घराची अब्रू सांभाळते. मावशी बोलते. "मामाला कधी हॉस्पिटलात ठेवलं होतं का, शॉक दिले होते का, झोप न घेता दिवसच्या दिवस बडबडत होता का" असं सरळ विचारा. एका पेशंटच्या मावशीने असंच फोनवर मिरजेच्या एका डॉक्टरांच्या औषधाचं नाव सांगितलं. ते लिथियम निघालं, म्हणजे बायपोलरवर देतात ते औषध. आम्ही सायलोसायबिन दिलं नाही, दुसरा मार्ग घेतला.

तुम्ही स्वतः लिथियम घेत असाल तर तेही आधी सांगा, सायलोसायबिनबरोबर त्याने झटके येऊ शकतात. बीपी, हृदयाचा त्रास, घरून येणारी चूर्णं आणि काढे, झोपेसाठी अमेझॉनवरून मागवलेलं काहीबाही, सगळं सांगा. सध्याचं अँटीडिप्रेसंट बहुतेकदा हळूहळू बंद करावं लागतं, कारण त्याने सायलोसायबिनचा परिणाम बोथट होतो. हे स्वतःच्या मनाने कधीही करू नका. माझ्या मते सगळ्या प्रवासात हेच आठवडे सर्वांत नाजूक. औषध उतरतंय, नवं अजून मिळालेलं नाही. या काळात रोज संध्याकाळी "आज कसं वाटतंय" असं विचारणारं घरात कुणीतरी ठरवून ठेवा. मरणाचे विचार आले तर क्लिनिकला कळवायचं. रात्री-अपरात्री लाइफलाइन ही इथली हेल्पलाइन, १३ ११ १४.

मग तयारीची सेशन्स. यात त्या दिवशी तुमच्याजवळ बसणाऱ्या दोन्ही थेरपिस्टना तुम्ही जोखून घ्यायचं आणि त्यांनी तुम्हाला. स्पर्शाचं इथेच ठरवून टाका: हात धरलेला चालेल का, खांद्यावर हात चालेल का, मधेच "नको" म्हटलं तर काय. एमडीएमएच्या एका चाचणीत कॅनडात थेरपिस्टनीच मर्यादा ओलांडली होती आणि ते व्हिडिओवर आहे. तेव्हा लाजू नका. तुमच्या सेशनचं रेकॉर्डिंग होतं का, ते कोण बघतं, हेही विचारा.

भाषेचंही बोलून ठेवा. औषध चढल्यावर माणूस ज्या भाषेत लहानाचा मोठा झाला, तिच्यात जातो. मुलाखतीला अस्खलित इंग्रजी बोललेल्या एक बाई डोळ्यांवर पट्टी लावून पडल्या होत्या. मधेच "दार लाव, दार लाव" एवढंच म्हणत राहिल्या. माझा सहकारी उठून खोलीचं दार तपासून आला. मला कळलं, ते दार कोल्हापुरातल्या वाड्याचं होतं. टीममध्ये मराठी कुणी नसेल, तर पाणी, हात धर, थांब, भीती वाटतेय एवढे शब्द थेरपिस्टला मराठीत शिकवून ठेवा. इंग्रजीत बोलायची सक्ती स्वतःवर करू नका. बोलायचीच सक्ती करू नका.

संगीत क्लिनिकचं असतं, बहुधा शब्दांविना. काही जण अभंग लावा म्हणतात. माझा सल्ला नाही. अर्थ माहीत असलेले शब्द तुम्हाला त्यांच्या वाटेने ओढत नेतात. नुसती बासरी किंवा सारंगी असेल तर विचारून बघा.

त्या दिवशी हलका नाश्ता करा, सैल कपडे घाला. कॅप्सूल पाण्याबरोबर गिळायची. अर्ध्या-पाऊण तासात सुरू होतं, पहिली खूण पुष्कळदा जांभया. लागोपाठ, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मळमळही होते. दोन-तीन तासांनी सगळ्यात जोर असतो आणि सहा तासांत बहुतेक उतरतं. रंग-नक्षी दिसेलच असं नाही. काही जण फक्त रडतात, काहींना आपण मेलो असं वाटतं. भयंकर काही समोर आलं तर पळू नका, त्याच्याकडे बघा आणि मोठ्याने सांगा. बाजूला दोन माणसं त्यासाठीच बसलेली असतात. त्या दिवशी गाडी चालवायची नाही, घ्यायला कुणीतरी यायला हवं.

घ्यायला येणाऱ्यांनो, गाडीत "काय दिसलं?" विचारू नका. घरी वरण-भात लावा, फोन बाजूला ठेवा. दुसऱ्या दिवशी डोकं दुखू शकतं.

खरं काम यानंतर सुरू होतं, आणि लोक तेच टाळतात. इतकं हलकं वाटत असतं की पुढच्या सेशनला यावंसं वाटत नाही. या. काय आठवतंय ते त्याच रात्री मोडक्या वाक्यांत लिहून ठेवा आणि सेशनला आणा. त्या बाईंच्या दारावर आम्ही पुढचे कितीतरी आठवडे बोललो, आणि मग त्यांनी भावाला फोन केला. राजीनामा, घटस्फोट, मोठी खरेदी, दुरावलेल्या नातेवाइकाला लांबलचक मेसेज, हे काही आठवडे बंद. झोप उडाली, विचार सुसाट पळायला लागले किंवा आपल्याला काही खास कार्य नेमून दिलंय असं वाटू लागलं, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी फोन करा.

भारतातून विचारणाऱ्यांसाठी: सायलोसायबिन, एमडीएमए, एलएसडी तिथे एनडीपीएस या अंमली पदार्थविरोधी कायद्याखाली येतात. गोव्याच्या किनाऱ्यावर किंवा कोडाईकनालला कुणी "हीलिंग" म्हणून मशरूम देत असेल, तर त्यात किती औषध आहे हे त्यालाही माहीत नसतं, आणि रात्री दोनला तुम्ही घाबरलात तर तो झोपलेला असतो. गोळ्यांनी गुण येत नसेल तर सायकियाट्रिस्टना केटामाइनबद्दल विचारा. ते भूल देण्याचं औषध असल्याने कायदेशीर आहे आणि काही डॉक्टर नैराश्यासाठी देखरेखीखाली देतात. ईसीटीचं (विजेच्या शॉकचा उपचार) नाव ऐकून घाबरू नका, तेही विचारा. डॉक्टर माहीत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लावा, मराठीत बोलता येतं.