हिचकॉकचे मूकपट घरी बघायचेत? आधी डिस्क तपासा

सुरुवात मी स्वतः चुकीचीच केली होती. वीस सिनेमे एका बॉक्समध्ये आणि किंमत एका थाळीएवढी, अशी एक डीव्हीडी घेतली आणि जेवणं झाल्यावर 'द लॉजर' लावला. माणसं कोंबड्यांसारखी तुरुतुरु पळतायत, चेहरे पांढरेफटक, डोळे कुठे नाक कुठे काही कळेना, आणि मागे कुठलंतरी म्युझिक लूपवर, खून झाला तरी तेच आणि चहा पितायत तरी तेच. वीस मिनिटांत बंद केला आणि पुढची चार-पाच वर्षं सगळ्यांना सांगत फिरलो की हिचकॉकचे मूकपट म्हणजे अभ्यासकांचं काम, आपल्याला झेपायचं नाही. नंतर तोच सिनेमा नीट रिस्टोअर केलेला, म्हणजे जुनी फिल्म साफ-दुरुस्त केलेला, बघितला आणि गपगार झालो. सिनेमा भारीच होता, माझी कॉपी भंगार होती.

तर आधी थोडा हिशोब. आल्फ्रेड हिचकॉकने १९२५ ते १९२९ मध्ये दहा मूकपट केले, त्यातला 'द माउंटन ईगल' (१९२६) हरवलाय, आपल्याकडे बाबूराव पेंटरांचा 'सावकारी पाश' हरवला तसाच. राहिले नऊ. हे नऊच्या नऊ ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने २०१२ मध्ये रिस्टोअर केले, त्यामुळे डिस्क घेताना पहिला प्रश्न हाच की ही कॉपी त्या रिस्टोरेशनवरून काढलीय का जुन्या घासलेल्या प्रिंटवरून. कव्हरवर लिहिलेलं नसेल तर दुसरंच काहीतरी आहे असं समजायचं. अजून एक सोपी खूण म्हणजे लांबी. 'द लॉजर' रिस्टोअर केलेला साधारण ९० मिनिटांचा आहे, कव्हरवर ७०-७५ असेल तर तो एकतर पळवलाय नाहीतर कापलाय.

हे पळवणं काय असतं ते सांगतो, कारण निम्मा घोळ तिथेच होतो. मूकपटांना सेकंदाला इतक्याच फ्रेम असा एकच पक्का नियम नव्हता, 'द लॉजर' २० च्या स्पीडला बघायचा असतो, आणि स्वस्त डिस्क काढणारे तो सरळ २४ किंवा २५ वर टाकून मोकळे होतात. तुमच्याकडे अशीच कॉपी असेल तर फेकू नका, कॉम्प्युटरवर व्हीएलसी नावाच्या फुकट प्लेअरमध्ये लावा आणि डाव्या चौकोनी कंसाची की दोनदा दाबा, स्पीड ०.८ वर येतो, माणसं माणसांसारखी चालायला लागतात. म्युझिक अर्थातच वाट लागल्यासारखं येतं, म्यूट करा, तसंही ते कामाचं नव्हतंच.

आता आपली खास अडचण, रीजन कोड, म्हणजे डिस्क जगाच्या कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालेल याचं कुलूप. डीव्हीडीला भारत रीजन ५ मध्ये आणि ब्लू-रेला सी मध्ये येतो. चांगल्या डिस्क निघतात अमेरिकेत (१ आणि ए) नाहीतर इंग्लंडमध्ये (२ आणि बी), म्हणजे इथे घेतलेल्या प्लेअरवर त्या चालतीलच असं नाही. अमेरिकेतल्या मावसभावाला सांगून मागवण्याआधी हे बघा, नाहीतर डिस्क शोकेसमध्ये ठेवायची पाळी येते. रीजन-फ्री प्लेअर घ्या, किंवा डीव्हीडी असेल तर व्हीएलसी बऱ्याचदा गुपचूप चालवतो. ब्लू-रेचं मात्र एवढं सोपं नसतं.

घ्यायचीच असेल तर पहिली घ्या क्रायटेरियन या अमेरिकन कंपनीची 'द लॉजर', २०१७ मध्ये आलेली, कारण तिच्यात 'डाउनहिल' पण आहे, एकात दोन. तिच्यावर नील ब्रँडचं म्युझिक आहे. इंग्लंडमध्ये त्याआधी निघालेल्या डिस्कवर नितीन सॉनीचं आहे, त्यात मध्येच शब्दांसकट गाणं सुरू होतं. मला ते खटकलं, समोर माणसं गप्प आणि मागे कोणीतरी गातंय, पण बाकीचं म्युझिक चांगलंय, ऐकून बघा. 'ब्लॅकमेल' किनो लॉर्बर या दुसऱ्या अमेरिकन कंपनीचा मिळतो, मूक आणि बोलका दोन्ही त्यातच.

टीव्हीवर लावताना दोन गोष्टी. हे सिनेमे जवळजवळ चौकोनी आहेत, टीव्ही ते स्वतःहून ताणतो आणि सगळे जाडे दिसतात, म्हणून पिक्चर साइज ४:३ किंवा ओरिजिनल करा, कडेच्या काळ्या पट्ट्यांची सवय होते. आणि मोशन स्मूदिंग नावाचा, टीव्ही स्वतःच मधल्या फ्रेम घालून हालचाल गुळगुळीत करतो तो जो काय प्रकार असतो, तो बंद करा. निळा-पिवळा रंग दिसला तर टीव्ही बिघडला समजू नका, 'द लॉजर'मध्ये रात्रीच्या धुक्याला निळा आणि घरातल्या दिव्याला पिवळसर छटा मुळातूनच आहे.

लाइट बंद करा, मोबाइल लांब ठेवा. हे प्रवचन वाटेल, पण बोलक्या सिनेमात मान खाली गेली तरी कान चालू असतात, इथे मान खाली गेली की गोष्टच गेली.

मध्येमध्ये येणाऱ्या संवादाच्या पाट्या इंग्लिशमध्ये असतात पण कमी आहेत, 'द लॉजर'च्या तर एडिटिंगमध्ये शेकड्यांनी उडवून ८० च्या आसपास आणल्या होत्या. मी आईला घेऊन बसतो आणि पाटी आली की मराठीत मोठ्याने सांगतो. 'द लॉजर'मधलाच एक सीन, वरच्या खोलीत भाडेकरू (लॉजर म्हणजे तोच) येरझाऱ्या घालतोय, खाली घरातले वर बघतायत, झुंबर हलतंय, आणि एकदम छत काचेचं होतं आणि त्याचे बूट खालून दिसतात. हिचकॉकने खरोखर जाड काचेची जमीन करून त्यावरून नटाला, म्हणजे आयव्हर नोव्हेलोला, चालवलं होतं, कारण पावलांचा आवाज ऐकवायची सोयच नव्हती. आईने त्या क्षणी आमच्या छताकडे बघितलं आणि म्हणाली, "वरची पोरं अजून झोपली नाहीत वाटतं." वरचा फ्लॅट महिनाभर बंद होता.

ऑर्डर म्हणाल तर तारखेप्रमाणे बघू नका. आधी 'द लॉजर', सुरुवातीला वर्तमानपत्राच्या ऑफिसात पाठमोरा बसलेला गुबगुबीत माणूस शोधा, तो स्वतः हिचकॉक. मग 'ब्लॅकमेल' (१९२९), त्याचं आधी मूक व्हर्जन बघा. त्यात ब्रिटिश म्युझियममध्ये पाठलाग आहे, आत उजेड पुरेसा नव्हता म्हणून म्युझियमचे फोटो आरशात दाखवून, आरशाचा थोडा मुलामा खरवडून तेवढ्या जागेतून खरे नट दाखवलेत, सांधा सापडतोय का बघा, मला तीनदा बघूनही नाही सापडला. मग बोलक्या व्हर्जनमधला फक्त नाश्त्याचा सीन लावा, शेजारीण बडबडतेय आणि हिरोइनला त्यातला सुरी हा एकच शब्द ऐकू येतोय. हिरोइन ॲनी ओंड्राचा उच्चार इंग्रज मुलीसारखा नव्हता म्हणून जोन बॅरी कॅमेऱ्याबाहेर उभी राहून डायलॉग म्हणायची आणि ओंड्रा नुसते ओठ हलवायची, तेही शूटिंग चालू असतानाच.

त्यानंतर 'द रिंग' आणि 'डाउनहिल'. 'डाउनहिल'मध्ये पोराची घसरण दाखवायला त्याला सरळ भुयारी रेल्वेच्या खाली जाणाऱ्या एस्कलेटरवर उभं केलंय, जरा बाळबोध आहे पण मला आवडतं. 'द प्लेझर गार्डन', 'द मँक्समन' आणि 'द फार्मर्स वाइफ' सवडीने. 'ईझी व्हर्च्यू' १६ मिलिमीटरच्या खराब कॉप्यांमधूनच वाचलाय, त्यामुळे रिस्टोअर करूनही तो धूसरच दिसतो, तिथे प्लेअर पुसत बसू नका. आणि 'शॅम्पेन' पावसाळ्यातल्या एखाद्या रिकाम्या दुपारी, ग्लासच्या बुडातून दिसणारा सुरुवातीचा शॉट बघायचा, मग झोप लागली तरी चालेल.