नमुना पोत्याच्या तळातून घ्या

धान्यातल्या बुरशीविषाची तपासणी शिकायला जी मुलं-मुली आमच्याकडे येतात, त्यांच्या हातात मी पहिल्या दिवशी परखी, म्हणजे पोत्यात खुपसून दाणे काढायची टोकदार नळी, देते आणि त्यांना गोदामात नेते. मशीनची खोली पुढच्या आठवड्यात. हे मी एका चुकीतून शिकले.

नोकरीतला माझा पहिलाच हंगाम. मक्याचा नमुना आणायला गेले होते. थप्पी उंच होती, दुपार चढलेली. समोरच्या रांगेतल्या पाच-सहा पोत्यांत परखी खुपसली, किलोभर मका घेतला आणि परत आले. अहवाल स्वच्छ आला. काही दिवसांनी ती थप्पी हलवली, तर भिंतीकडची खालची पोती ओल धरून बसलेली. दाण्यांचे गठ्ठे झालेले, हात घातला तर आतून ऊब लागत होती. सगळ्या बाजूंनी पुन्हा नमुना घेतला तेव्हा अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष मर्यादेच्या कितीतरी वर निघालं. मशीन दोन्ही वेळा बरोबर होतं. तो मका तोवर दळणात गेला असता तर? त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

हे विष धान्यात मीठ मिसळावं तसं सारखं पसरत नाही. पोतंभर दाणे निर्मळ असतात आणि मोजक्या दाण्यांत सगळं साठलेलं असतं. त्यातून आपल्याला शोधायचं किती, तर कडधान्य-तृणधान्यासाठी आपल्याकडची मर्यादा किलोला १५ मायक्रोग्रॅम. दहा टनांचा ट्रक धरा, त्यात दीडशे मिलिग्रॅम, म्हणजे चिमूटभर मिठाहूनही कमी. म्हणून बऱ्याच पोत्यांतून, वरून, मधून, तळातून थोडं थोडं घ्यायचं, एकत्र करायचं, सगळं बारीक दळायचं, आणि मग त्यातून छोटा भाग तपासायचा. दळण्याआधी नमुना कमी केलात तर पुढची सगळी मेहनत वाया.

मी अकोट तालुक्यातली. आमच्याकडे काळी ज्वारी कोणाला नवी नाही. कणीस भरलं की परतीचा पाऊस यायचा, आणि दाणा कुठे काळा, कुठे गुलाबी पडायचा. माय सुपात पाखडून काळे दाणे वेगळे करायची. मी विचारलं की म्हणायची, "काय होते त्याले? म्हशीले टाक." मला तेव्हा तेच बरोबर वाटायचं. पुढे शिकताना कळलं की गुलाबी झाक बहुधा फ्युजेरियम बुरशीची, आणि तिच्या काही जाती फ्युमोनिसिन नावाचं विष तयार करतात. १९९५ साली दख्खनच्या पठारावरच्या काही गावांत पावसात भिजलेली ज्वारी आणि मका खाऊन लोकांना पोटदुखी आणि जुलाब झाले, ते याच विषामुळे. त्याआधी १९७४ मध्ये राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल भागात बुरशी लागलेल्या मक्यातल्या अफ्लाटॉक्सिनने शंभरावर माणसं दगावली होती. मरणारी आदिवासी कुटुंबं होती, घरात दुसरं धान्य नव्हतं. हे वाचलं त्या दिवशी मी ठरवलं की हेच काम करायचं.

दिसण्यावर मात्र भरवसा ठेवू नका. काळा पडलेला प्रत्येक दाणा विषारी नसतो, आणि वरून छान दिसणाऱ्या शेंगदाण्याच्या दोन डाळींच्या मध्ये अफ्लाटॉक्सिन तयार करणारी पिवळट-हिरवी अस्परजिलस बुरशी बसलेली असू शकते. काळ्या दिव्याखाली, म्हणजे अतिनील प्रकाशात, बुरशी लागलेला मका हिरवट-पिवळा चमकतो, तो चमकणारा पदार्थही अफ्लाटॉक्सिन नव्हे. तो फक्त संशयाचा इशारा. धुऊन, भाजून, भाकरी करूनही हे विष पूर्ण जात नाही. गावात कोणी "तव्यावर सगळं जळते" म्हटलं तर शांतपणे समजावून सांगा, आपलं ते कामच आहे.

प्रयोगशाळेतलं काम हाताला बसायला काही महिने लागतात. मिथेनॉल-पाण्यात दळण घुसळायचं, गाळायचं, विषाला धरून ठेवणारी प्रतिपिंडं बसवलेल्या छोट्या नळीतून, म्हणजे कॉलममधून, थेंब-थेंब सोडायचं. इथे घाई केली की विष कॉलमला न धरता निघून जातं आणि आकडा खोटाच कमी येतो. मग एचपीएलसी, म्हणजे विष वेगळं करून मोजणारं यंत्र. हातमोजे आणि मास्क कधीही काढायचे नाहीत. अफ्लाटॉक्सिनचा बी१ हा प्रकार म्हणजे यकृताचा कर्करोग घडवणारं सिद्ध झालेलं विष आहे. वापरलेली काचपात्रं सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवायची, मगच घासायची.

शिक्षणाचं थोडक्यात सांगते. कृषी, अन्नतंत्रज्ञान, रसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, यांतल्या कोणत्याही वाटेने येता येतं. अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आपल्या दाराशीच आहे, तिथे वनस्पती रोगशास्त्र शिकलात तर बुरशी चांगली कळेल. नोकऱ्या एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेच्या प्रयोगशाळांत, पशुखाद्य कारखान्यांत, दूध संघांत आणि शेंगदाणा निर्यातदारांकडे मिळतात. अनुभव झाल्यावर एफएसएसएआयची, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, अन्न विश्लेषकाची परीक्षा जरूर द्या. पण सुट्टीत घरी गेलात की ओलावा मोजायचं यंत्र सोबत न्या. मक्याचा ओलावा १३-१४ टक्क्यांच्या खाली, शेंगांचा ८ च्या आसपास आला की मगच भरा, हे खळ्यावर उभं राहून सांगितलं तर लोक ऐकतात.

आणि ढेप विसरू नका. विदर्भात सरकी ढेप घरोघरी, आणि ओल्या ढेपेतलं बी१ म्हशीच्या शरीरात बदलून एम१ या रूपात दुधात उतरतं, तेही दिवसभरातच. गेल्या पावसाळ्यात मायचा फोन आला. ढेपेचं चुंगडं, म्हणजे पोतं, गोठ्याच्या भिंतीला टेकून राहिलं, एक कोपरा हिरवा झाला, तेवढा काढून बाकीची घालू का? मी म्हटलं, सगळं चुंगडं बाजूला ठेव. ती गप्प झाली, पैसे मोजून आणलेली ढेप होती. मग म्हणाली, "मंग म्हशीले काय घालू?" शेजारून हरभऱ्याचं कुटार आणि तुरीची चुनी मागून आण, मी सांगितलं, आणि ही ढेप बंद केलीस की तीन-चार दिवसांत दूध निवळेल, तोवर ते पोरांना देऊ नको.