कुसळांच्या दिवसांत चिंगीला डोंगरावर नेताना

दसरा झाला की पुण्याभोवतालच्या टेकड्यांचा रंग बघता बघता बदलतो. हिरवं गवत आधी पोपटी होतं, मग पिवळं, आणि दिवाळीपर्यंत पार सोनेरी. वाटा सुकतात, शेवाळ जातं, पहाटे बिनाबाह्यांच्या कपड्यांत शिरशिरी येईल इतका गारवा असतो. माणसाला डोंगरात जायला याहून चांगले दिवस नाहीत. कुत्र्यालाही ते आवडतात, पण त्याला सगळ्यात जास्त जपायचे दिवसही हेच. आपण गवताच्या वरून चालतो, कुत्रं गवतातून चालतं. या एका फरकावर सगळी तयारी अवलंबून आहे.

माझी चिंगी गावठी आहे, सहा वर्षांची, सतरा किलोची. तिच्याबरोबरचा हा पाचवा हंगाम. पहिल्या हंगामात मी गोचिडांची तेवढी धास्ती घेतली होती. घरी आल्यावर कान बघितले, पोट बघितलं, पंजे बघायचे राहिले. चार दिवसांनी ती पुढचा उजवा पंजा सारखा चाटायला लागली. आठवड्याने बोटांच्या मध्ये बोराएवढी गाठ आली आणि चालताना ती पाय उचलून धरू लागली. डॉक्टरांनी भूल देऊन छोटा छेद घेतला आणि चिमट्याने आतून एक कुसळ काढलं. माझ्या नखापेक्षा लहान होतं.

ते कुसळ मी घरी आणून भिंगाखाली बघितलं. टोक सुईसारखं, तपकिरी. टोकाच्या मागे ताठ केस, सगळे मागच्या बाजूला वळलेले, गळासारखे. त्यामुळे ते पुढे सरकतं, मागे येत नाही. अख्ख्या कुसळाला मागे पीळ पडलेली लांब शेपटी असते. ओल लागली की पीळ सुटतो, वाळलं की परत पडतो, आणि त्या फिरण्याने टोक जमिनीत घुसतं. बी पेरायची गवताची ही रीत आहे, फक्त जमिनीच्या जागी कुत्र्याची कातडी आली की तिथेही ते तसंच शिरतं. बोटांच्या बेचक्यात, कानात, नाकात, काखेत, कधी डोळ्याच्या पापणीखाली.

त्यानंतरच्या एका सकाळी मावळात एक गुराखी मामा भेटले. चिंगी वाटेच्या कडेने गवतात नाक घालत होती. ते म्हणाले, “ताई, गवतातनं नका नेऊ. कुसळं लागत्यात. आमची कुत्री पन वाटंनंच येत्यात.” तेव्हापासून माझा पहिला नियम हाच आहे. ऑक्टोबरच्या मध्यापासून गवत कापलं किंवा चरलं जाईपर्यंत रुंद, मळलेली वाट असेल तिथेच जायचं, आणि लीश दोन मीटरपेक्षा लांब ठेवायची नाही. लांब केसांचं कुत्रं असेल तर निघायच्या आधी पंजांमधले आणि कानांखालचे केस बारीक कापून घ्या. कुसळं तिथेच अडकतात.

आता जायचं कुठे. नवीन कुत्र्यासाठी मी वेताळ टेकडीच सांगेन. शहरातली सगळ्यात उंच टेकडी, एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेच्या बाजूने चढ सोपा, वाटा रुंद, आणि काही बिनसलं तर वीस मिनिटांत खाली रिक्षा मिळते. मोर भरपूर आहेत, म्हणून कुत्रं सोडू नका. मोर दिसला की चिंगीसारखी शहाणी कुत्रीसुद्धा हाक ऐकत नाही. खाणीच्या तळ्यात पोहायला सोडायचा मोह होतो, पण साचलेल्या पाण्यातून लेप्टोचा, म्हणजे उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचा, धोका असतो. रेबीजबरोबर लेप्टोची लस वेळेवर झाली आहे ना, ते हंगामाच्या आधी तपासा.

टेकडी सहज जमायला लागली की लोणावळ्याहून राजमाचीकडे जाणारा कच्चा रस्ता. किल्ल्याखालच्या उधेवाडी गावापर्यंत एका बाजूने पंधरा किलोमीटरच्या आसपास आहे, तेवढं जायची काही गरज नाही. तुंगार्लीच्या बाजूने निघून चार-पाच किलोमीटर आत जायचं, एखाद्या वाहत्या ओढ्यापाशी बसायचं आणि परत फिरायचं. झाडी आहे, सावली आहे, कडेला सोनकीची पिवळी फुलं अजून टिकून असतात. रविवारी मात्र जीप आणि दुचाकी इतक्या धावतात की कुत्र्याचे हाल होतात. रजा टाकून मधल्या वारी जा.

सिंहगडाची आतकरवाडीची वाट चांगली दमवणारी आहे. चढ उभा, सावली कमी, सुट्टीच्या दिवशी गर्दी. आठवड्याच्या मधल्या दिवशी, उजाडायच्या आत पायथ्याशी पोचणार असाल तरच. तिकोन्याला मी चिंगीला एकदाच नेलं. शेवटच्या पायऱ्या इतक्या उंच आणि उभ्या आहेत की ती चढली सहज, उतरताना मात्र थरथरत उभी राहिली आणि मला तिला एकेक पायरी कवेत घेऊन उतरावं लागलं. कुत्र्याला चढ कळतो, उतार कळत नाही, हे लक्षात ठेवून वाट निवडा. कळसूबाईला लोखंडी शिड्या आहेत आणि तो भाग अभयारण्यात आहे. भीमाशंकरचं जंगलही अभयारण्य आहे. अशा ठिकाणी कुत्र्याला नेऊ नये. तिथल्या प्राण्यांना आपल्या कुत्र्याचा वास, भुंकणं, आजार, काहीच नको असतं.

वेळेचं गणित सोपं आहे. साडेनऊला तुम्ही सावलीत किंवा परतीच्या वाटेवर असलं पाहिजे. ऑक्टोबरचं ऊन नावाजलेलं आहे, आणि सह्याद्रीचा काळा कातळ ते पटकन धरून ठेवतो. हाताची पाठ कातळावर सात सेकंद टेकवा. टेकवता आली नाही तर कुत्र्याचे तळवे तिथे भाजणार. जीभ रुंद होऊन लोंबायला लागली, लाळ चिकट झाली, हिरड्या गडद लाल दिसल्या, पाय अडखळले, तर ट्रेक तिथेच संपला. सावलीत आडवं करा, पोटावर, जांघेत आणि पंजांवर साधं पाणी ओता, टोपीने वारा घाला, आणि शुद्धीवर असेल तर थोडं थोडं पाजा. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, त्याने उष्णता आत कोंडते. मग थेट डॉक्टर. संध्याकाळचा ट्रेकही मी करत नाही. बिबट्याला कुत्रं आवडतं, आणि अंधार पडायच्या आत डोंगर उतरलेला बरा.

चिंगीसाठी मी दीड लिटर पाणी वेगळं नेते, आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन-चार घोट पाजते. एकदम पोटभर पाजून चढायला लावलं की ती ओकते. गडावरच्या टाक्यांत कुत्र्याला उतरू देऊ नका. वरची माणसं तेच पाणी पितात. खायला घरची उकडलेली अंडी किंवा मीठ न घातलेला भात आणि चिकन. इथे एक गोष्ट कळकळीने सांगते. सिंहगडावर कांदाभजी खाताना कुत्रं समोर शेपटी हलवत बसतं आणि आजूबाजूचे लोक प्रेमाने एक भजं टाकतात. कांदा कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. आपल्या सुक्या मेव्याच्या डब्यातले मनुके आणि चॉकलेटही तितकेच वाईट. म्हणून खाऊ देणाऱ्याला आधीच हात जोडून “दादा, तिला नका देऊ, डॉक्टरांनी बंद केलंय” म्हणते. एवढं म्हटलं की कोणी आग्रह करत नाही. मटक्यातलं साधं दही मात्र चमचाभर चालतं.

गळ्यातल्या पट्ट्याला लीश अडकवू नका. घसरलं तर गळ्याला फास बसतो. छातीवरचा हार्नेस घाला, पाठीवर धरायला पट्टी असलेला. त्या पट्टीला धरून मी चिंगीला अनेकदा उंच दगडावरून खाली घेतलं आहे. समोरून गुरं आली की वाटेच्या वरच्या बाजूला थांबा, लीश आखूड करा, कुत्र्याला आपल्या पायांमागे घ्या. वासरू बरोबर असेल तर म्हैस कुत्र्यावर धावून येते. वाडीत शिरताना गावची कुत्री भुंकणारच, ती त्यांची जागा आहे. दगड उचलू नका, न थांबता चालत राहा. कुणी “चावतंय का ओ?” विचारलं तर उभं राहून दोन शब्द बोला. कड्याखाली आग्या मोहोळं लटकलेली दिसली तर भुंकणाऱ्या कुत्र्याला घेऊन त्या बाजूला फिरकू नका. शी पिशवीत घेऊन खाली आणा, गडावर टाकू नका.

सापाचं थोडक्यात. फुरसं दगडांच्या सापटीत असतं आणि घोणस पालापाचोळ्यात, म्हणून दगड हुंगू देऊ नका. चावलाच तर घट्ट बांधू नका, चिरू नका, चालवू नका. माझ्या सॅकमध्ये जुनी सुती चादर असते. दोघांनी चार टोकं धरली की सतरा किलोची चिंगी झोळीत बसते. प्रतिविष कुठल्या जनावरांच्या दवाखान्यात मिळतं, हे निघायच्या आदल्या दिवशीच फोन करून विचारून ठेवा. आपल्याकडची दुखण्याची गोळी कुत्र्याला कधीही देऊ नका.

घरी आल्यावर चहा टाकायच्या आधी चिंगीला गॅलरीत जुन्या पांढऱ्या चादरीवर उभी करते. पांढरी अशासाठी की पडलेलं कुसळ आणि चालणारी गोचीड दोन्ही दिसतात. पहिल्यांदा पंजे, एकेक बोट फाकवून, वरून आणि खालून. मग काखा, जांघा, शेपटीचा बुडखा, कान आतून, पापण्या, शेवटी ओठांच्या कडा. डोकं सारखं एका बाजूला झटकत असेल किंवा शिंकांवर शिंका देत असेल, तर कुसळ आत गेलं आहे असं समजा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. आपण चिमटा घालून शोधू नये. गोचीड असेल तर कातडीलगत चिमट्याने धरून सरळ वर ओढायची. रॉकेल, तेल, उदबत्तीचा चटका, काही नाही. काढलेली गोचीड स्पिरिटच्या बाटलीत.

आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकटीत पेन्सिलीने लिहिते, “गोचीड, मागचा डावा.” गोचिडीतून रक्ताचा आजार येऊ शकतो, म्हणून तिथून तीन आठवडे रोज तिच्या हिरड्यांचा रंग बघते. फिक्या दिसल्या, ताप आला, जेवण सोडलं किंवा नाकातून रक्त आलं, तर डॉक्टरांना कॅलेंडरवरची तारीख सांगता येते, आणि रक्ताची तपासणी त्याच दिवशी होते.