हँडहेल्ड गेमिंग पीसीची बॅटरी तासाभरात संपते? या चुका टाळा

‘नवीन घेतलंय, पण तासाभरात बॅटरी संपते, पीस खराब आलाय का?’ असं हँडहेल्डबद्दल, म्हणजे हातात धरून खेळायच्या छोट्या पीसीबद्दल, विचारणाऱ्याचं यंत्र बहुतेक वेळा ठणठणीत असतं. मी आधी सेटिंग बघतो. पॉवर मोड टर्बोवर असतो आणि फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं काढायची तो वेग, मोकाट सोडलेला असतो.

गेल्या मे महिन्यात मी आणि माझा आतेभाऊ एसटीने पुण्याहून कोल्हापूरला निघालो. त्याच्या हातात नवाकोरा हँडहेल्ड, ४० वॅट-तासांची बॅटरी, स्वारगेटला चार्ज १०० टक्के. खंबाटकी घाट चढेपर्यंत स्क्रीन काळी. खेळत काय होता, तर साधा टू-डी प्लॅटफॉर्मर, उड्या मारत पुढे जायचा सपाट चित्रांचा गेम! टीडीपी (चिपला किती वीज द्यायची ती मर्यादा) २५ वॅट, फ्रेमला मर्यादा नाही, कोपऱ्यातला आकडा ३०० च्या वर. त्यातल्या बहुतेक फ्रेम स्क्रीनवर उमटतही नव्हत्या, पण वीज मात्र प्रत्येक फ्रेम खात होती. आणि २५ वॅट हे नुसत्या चिपचे. स्क्रीन, एसएसडी, वायफाय, पंखा धरून खर्च ३५ च्या आसपास जातो. ४० भागिले ३५, म्हणजे सव्वा तासही नाही.

परतताना यंत्र मी मागून घेतलं. स्क्रीन ६० हर्ट्झ (सेकंदाला ६० वेळा ताजी होणारी), फ्रेम ६० वर बांधल्या, टीडीपी ८ वॅट. तोच गेम. सातारा मागे पडलं तरी १८ टक्के शिल्लक होते. खेळण्यात फरक वाटतो का विचारलं, तर म्हणाला, ‘दादा, पंखा बंद पडलाय का?’

म्हणून क्रम लक्षात ठेवा: आधी फ्रेम बांधा, मग वॅट उतरवा. वॅट वाढवून सगळं सुटतं हा समजच चुकीचा. १५ वरून २५ वर नेलं की वीज दोन तृतीयांशाने वाढते, फ्रेम त्या प्रमाणात वाढत नाहीत, कारण क्लॉक, म्हणजे चिपचा वेग, वर ढकलायला व्होल्टेजही वाढवावं लागतं.

आता उलटी चूक. कुठल्याशा व्हिडिओत ‘५ वॅटवर सहा तास’ बघायचं, तोच आकडा टाकायचा आणि गेम अडखळतो म्हणून ओरडायचं. सीपीयू (मुख्य प्रोसेसर) आणि जीपीयू (चित्र काढणारा) एकाच ताटात जेवतात. ताटात कमी वाढलं तर दोघंही उपाशी राहतात, आणि गर्दीचा प्रसंग आला की आधी गेम धक्के खात चालतो. दुसऱ्याचा आकडा तुमच्या गेमला लागू होईलच असं नाही. मी गेममधल्या सगळ्यात गजबजलेल्या जागी जातो, फ्रेमटाइमचा (एकेका फ्रेमला किती वेळ लागतो त्याचा) आलेख चालू करतो आणि एकेक वॅट खाली येतो. रेघ थरथरली की एक वॅट वर, आणि त्या गेमपुरतं प्रोफाइल सेव्ह. दहा मिनिटं लागतात. तेवढाही धीर नसेल, तर चार्जर सोबत ठेवायचा.

जड गेमला ६० जमत नसेल तर लगेच ३० वर उडी मारू नका. मध्ये ४० आहे. ६० ला एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची, ३० ला ३३.३ ची, आणि ४० ला २५ ची, म्हणजे बरोबर मधोमध. व्हॉल्व्हच्या स्टीम डेक या हँडहेल्डच्या एलसीडी मॉडेलवर स्क्रीनच ४० हर्ट्झवर आणता येते. माझे मोठे ओपन वर्ल्ड गेम सगळे ४० वरच चालतात, आणि हा पर्याय लोक वापरत नाहीत याचं मला खरंच वाईट वाटतं.

लेनोवोच्या पहिल्या लीजन गो हँडहेल्डच्या २५६० × १६०० स्क्रीनवर जड गेम पूर्ण रिझोल्यूशनला चालवू नका. १२८० × ८०० बरोबर निम्मं बसतं, चित्रही नीट दिसतं.

ब्राइटनेस घरात अर्ध्यावर पुरतो.

विंडोजवालं यंत्र बॅगेत टाकण्याआधी हायबरनेट (सगळं डिस्कवर साठवून पूर्ण बंद) करा, नुसतं स्लीप नको.

गादीवर ठेवून खेळू नका, हवा आत घ्यायची जाळी झाकली जाते.

फोनचा १८ वॅटचा चार्जर लावून ‘चार्जिंगला असूनही बॅटरी उतरते’ म्हणू नका. स्टीम डेकला ४५ वॅटचा लागतो, असूसच्या आरओजी अ‍ॅलायला ६५ चा.

आणि यंत्र कायम डॉकला (टीव्ही आणि चार्जरशी जोडणाऱ्या स्टँडला) लावून ठेवत असाल, तर चार्जची मर्यादा आजच ८० टक्क्यांवर ठेवा.