कंबर धरली म्हणून आडवं पडून राहू नका

वाळूजला दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसायचं अन् येताना बाइकवर गचके खायचे, मग तिशीच्या आतच कंबर धरणार नाही तर काय. मी आधी सुट्टी टाकून पडूनच राहायचो, त्यानं उलट लई आखडली. आता दर 30 मिनिटाला उठतो, पाण्याची बाटली मुद्दाम छोटी ठेवली म्हणजे भरायला जावंच लागतं (साहेब बघतात, बघू द्या). खुर्चीत पाठीमागं, बेल्टच्या जरा वर, टॉवेलची गुंडाळी. संध्याकाळी 20-25 मिनिटं चालणं, थोडं दुखलं तरी. सिलेंडर उचलायचा तर गुडघ्यात वाकून, अंगाजवळ धरून. पण पायातला जोर गेला, जांघेत बधिर वाटलं किंवा लघवीचा कंट्रोल सुटला तर बाम चोळत बसू नका, लगेच दवाखाना गाठा.