पायथन अपग्रेड केल्यावर थ्रेडचा एरर येतोय? आधी तो कधी येतो ते बघा

पायथनचं व्हर्जन वाढवलं आणि कालपर्यंत बिनबोभाट चालणारी स्क्रिप्ट आज थ्रेडिंगवर (एकाच प्रोग्राममध्ये अनेक कामं सोबत चालवण्याच्या सोयीवर, त्यातलं एकेक काम म्हणजे थ्रेड) अडकायला लागली, तर कोडला हात लावायच्या आधी एकच गोष्ट नीट बघा, एरर नेमका कधी येतोय. पहिलाच थ्रेड उघडताना, बराच वेळ चालल्यावर, की सगळं काम आटपून प्रोग्राम बंद होताना? मेसेज जवळपास सारखेच दिसतात पण कारणांचा एकमेकांशी काही संबंध नसतो, आणि लोक मेसेज सर्च करून जो पहिला उपाय सापडेल तो चिकटवतात आणि अख्खा दिवस जातो, हे बघून खरंच वाईट वाटतं.

त्याच्याही आधी, चालतोय कुठला पायथन ते तपासा. टर्मिनलमध्ये नवीन व्हर्जन दिसतं पण क्रॉनमधून (ठरल्या वेळी स्क्रिप्ट आपोआप चालवणाऱ्या सोयीतून) जुनंच चालतं, असं सर्रास होतं. स्क्रिप्टच्या सुरुवातीला सिस मॉड्यूलमधलं एक्झिक्युटेबल आणि व्हर्जन प्रिंट करून टाका म्हणजे वाद मिटला. आणि जुनं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (एका प्रोजेक्टपुरता वेगळा ठेवलेला पायथन आणि पॅकेजेस) तसंच पुढे ओढू नका, ते जुन्या इंटरप्रिटरला बांधलेलं असतं, नवीन बनवा आणि पॅकेजेस परत टाका.

आता सगळ्यात सोपी केस. अ‍ॅट्रिब्यूट एरर आला आणि त्यात थ्रेड ऑब्जेक्टला 'इजअलाइव्ह' नाही असं लिहिलंय, तर ते जुनं, अंडरस्कोर नसलेलं नाव ३.९ मध्ये काढून टाकलंय. 'इज' आणि 'अलाइव्ह' च्या मध्ये अंडरस्कोर द्या, सगळी अक्षरं स्मॉल, झालं. तुमच्या कोडमध्ये हे नाव नसेल तर एखाद्या जुन्या लायब्ररीत असेल, ती अपडेट करा. 'सेटडीमन', 'करंटथ्रेड' ही तशीच जुनी नावं ३.१० पासून वॉर्निंग देतात, तीही आत्ताच बदलून घ्या.

खरी दमछाक होते ती 'कान्ट स्टार्ट न्यू थ्रेड' या रनटाइम एररने. समजा अंधेरीतल्या एखाद्या छोट्या ऑफिसात रोज रात्री डीलर लोकांना स्टॉकचे मेसेज पाठवणारी स्क्रिप्ट आहे, डॉकरमध्ये (प्रोग्राम सगळ्या सामानासकट वेगळ्या डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणाऱ्या साधनात) चालते, आणि अपग्रेड म्हणून फक्त पायथनची इमेज, म्हणजे त्या डब्याचा तयार साचा, बदलली. लॅपटॉपवर मस्त चालतंय, सर्व्हरवर मात्र पहिल्याच थ्रेडला आडवं. कधीकधी तर इमेज बिल्ड होतानाच, पिप (पॅकेजेस टाकणारं साधन) इन्स्टॉलच्या पायरीवर हाच एरर दिसतो, कारण पिपचा प्रोग्रेस बार दाखवायलाही थ्रेड लागतो. हे दिसलं की समजा तुमचा कोड निर्दोष आहे, तो अजून चाललेलाच नाही.

इथे होतं काय, की जून २०२३ मध्ये डेबियन या लिनक्सचं १२ वं व्हर्जन म्हणजे बुकवर्म आलं आणि पायथनच्या नेहमीच्या इमेजेस त्यावर गेल्या. त्यातलं जीलिबसी (लिनक्सवरची मूळ सी लायब्ररी) नवीन, ते थ्रेड बनवायला आधी 'क्लोन३' हा सिस्टिम कॉल (लिनक्सच्या गाभ्याकडे केलेली मागणी) मारतं. डॉकर २०.१०.१० च्या आधीचा असेल तर त्याचा सुरक्षा फिल्टर, म्हणजे सेककॉम्प, तो कॉल ओळखत नाही आणि 'असा कॉलच नाही' असं सांगायच्या ऐवजी 'परवानगी नाही' असं सांगतो, मग जीलिबसी जुन्या पद्धतीकडे वळतच नाही आणि थ्रेड बनत नाही. खात्री करायला एकदा सेककॉम्प अनकन्फाइन्ड ठेवून कंटेनर चालवा, चालला तर दुखणं हेच. पण तसंच ठेवून देऊ नका, सुरक्षा उघडी पडते. पक्का उपाय म्हणजे सर्व्हरचा डॉकर आणि लिबसेककॉम्प अपडेट करणं, आणि सर्व्हर तुमच्या ताब्यात नसेल तर तोवर बुल्सआय (आधीचं डेबियन ११) टॅगवाली इमेज वापरा.

तोच मेसेज तासाभराने येत असेल तर मात्र थ्रेड साठत चाललेत. दर काही मिनिटांनी थ्रेडिंगचा 'अ‍ॅक्टिव्ह काउंट' लॉगमध्ये टाका, आकडा नुसता वर चढत असेल तर मोकळे थ्रेड उघडणं बंद करून थ्रेडपूल एक्झिक्युटर घ्या आणि मॅक्स वर्कर्स ठरवून द्या. युलिमिट (सिस्टिमने युजरला घातलेली मर्यादा) आणि कंटेनरची पिड लिमिट (त्यात किती प्रोसेस आणि थ्रेड चालतील ती मर्यादा) पण बघा, पण आकडा चढत असताना नुसती लिमिट वाढवून काही होत नाही, एरर फक्त उशिरा येतो.

आणि शेवटची केस, काम सगळं झालं आणि बाहेर पडताना 'अ‍ॅट इंटरप्रिटर शटडाउन' वाला एरर. हा ३.१२ चा नवीन नियम आहे. रात्री हॉटेलचं शटर अर्धं खाली आलं की आत बसलेल्यांचं जेवण पूर्ण होऊ देतात पण नवीन गिऱ्हाईक घेत नाहीत, तसंच इथे. आधी बंद होता होता थ्रेड उघडला तर कधी चालायचं, कधी क्रॅश व्हायचं, आता सरळ नकार मिळतो आणि माझ्या मते हे चांगलंच झालं. 'अ‍ॅटएक्झिट' मध्ये (प्रोग्राम बंद होताना चालवायच्या फंक्शन्सच्या यादीत) नोंदवलेली फंक्शन्स शोधा, त्यातलं कोणी लॉग पाठवायला किंवा कनेक्शन बंद करायला नवीन थ्रेड उघडतंय का बघा, आणि ते काम मेन फंक्शन संपायच्या आधी उरका. एक्झिक्युटर 'विथ' ब्लॉकमध्ये ठेवलात तर तो सगळी कामं संपेपर्यंत थांबतो.

एक गैरसमज खूप दिसतो, की ३.१३ घेतलं म्हणजे गिल (एका वेळी एकाच थ्रेडला पायथन कोड चालवू देणारं कुलूप) गेला आणि त्यामुळे हे सगळं होतंय. तसं नाहीये, गिल नसलेलं बिल्ड वेगळं येतं, मुद्दाम टाकल्याशिवाय ते मिळत नाही.

एरर काहीच नाही आणि प्रोग्राम नुसता लटकलाय, असं असेल तर फॉल्टहँडलर मॉड्यूलचं 'डंप ट्रेसबॅक लेटर' सुरुवातीलाच लावा, ३० सेकंद द्या. तेवढ्या वेळात काम झालं नाही तर प्रत्येक थ्रेड कुठल्या फाइलच्या कुठल्या ओळीवर उभा आहे ते छापून येतं, आणि दोन थ्रेड एकमेकांच्या लॉकची वाट बघत असतील तर ते तिथेच दिसतं.